फोटो सपाट राहावा म्हणून: खळ, लाख आणि सनबोर्ड

कोकणातल्या बहुतेक जुन्या घरांत ओटीच्या भिंतीवर तसबिरींची एक ओळ असते. चतुर्थीच्या आधी जळमटं काढताना त्या खाली उतरतात. आमच्याकडे दरवर्षी एकच गोष्ट दिसते. पणजोबांचा जाड पुठ्ठ्यावरचा फोटो पिवळा पडलाय, कडेला कसर लागलीय, पण आहे अगदी ताठ. आणि पाच वर्षांपूर्वी प्रिंट काढून लावलेला आईचा मोठा रंगीत फोटो काचेमागे लाटा घेतोय. गेल्या भाद्रपदात तर त्याचा गालाकडचा भाग काचेला चिकटलेलाच निघाला. ओढला असता तर रंग काचेवर राहिला असता.

हा दोष एकट्या फ्रेमवाल्याचा नाही आणि एकट्या पावसाचाही नाही. फोटो मागच्या पुठ्ठ्याला चिकटवायचा का, आणि चिकटवला तर कशाने, या प्रश्नाला दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्यात दोन मागण्या एकमेकींशी सतत भांडत आल्यात: फोटो सपाट राहावा ही एक, आणि फोटो टिकावा ही दुसरी.

१८३९ साली जगापुढे आलेला दाग्युरोटाइप, म्हणजे फोटोचा सुरुवातीचा प्रकार, चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर असायचा, त्यामुळे वाकण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न आला तो कागदाबरोबर. १८५० मध्ये फ्रान्समधल्या ब्लांकार-एव्हरार यांनी अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला कागद आणला. चित्र सुरेख यायचं, पण कागद अतिशय पातळ, आणि वाळला की सुक्या पानासारखा गुंडाळायचा. त्याला पुठ्ठ्यावर चढवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरी यांनी छोट्या कार्डावर चिकटवलेल्या फोटोचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तिच्याशी जोडलेले होते. पुढे मुंबईत नोकरीला गेलेल्या माणसांबरोबर असे कार्डावरचे फोटो कोकणातल्या घरांत पोचले. पणजोबांचा फोटो त्याच वाटेने आलेला.

हे चिकटवण्याचं काम बहुधा पिठाच्या खळीने व्हायचं. खळ लावली की कागद ओला होऊन फुगतो, आणि वाळताना आकसून पुठ्ठ्यालाच आपल्याकडे ओढतो. म्हणून पुठ्ठा जाड घ्यायचा, फोटो रुळांमधून दाबून काढायचा आणि काही वेळा पुठ्ठ्याच्या पाठीलाही एक कागद चिकटवायचा, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी होते. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली कळीची गोष्ट हीच. पातळ वस्तूच्या दोन्ही बाजू ओलावा सारखाच घेत असतील आणि सारखाच सोडत असतील, तरच ती सपाट राहते.

ही गोष्ट कोकणाला फोटोच्या आधीपासून ठाऊक होती. सावंतवाडीच्या गंजिफांचे गोल पत्ते बघा. दशावतारी गंजिफेचा संच १२० पत्त्यांचा. पारंपरिक पद्धतीत चिंचोक्याच्या खळीने थरावर थर चिकटवत पान तयार करायचे, त्यावर रंगकाम आणि शेवटी लाखेचा हात. मागची बाजूही रंगवून लाख दिलेली, त्यामुळे दमट हवेत पान एका बाजूला वळत नाही. १९७०च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी ही कला पुन्हा उभी केली. आजही राजवाड्यात कारागीर काम करताना पाहता येतात. फोटोच्या माउंटिंगबद्दल, म्हणजे तो पुठ्ठ्यावर बसवण्याबद्दल, कोणी विचारलं की मी आधी तिथे जाऊन यायला सांगतो.

योगायोग असा, की फोटोच्या जगातही पुढची सुधारणा लाखेनेच आणली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाखेचा थर दिलेला पातळ कागद मिळू लागला. तो फोटो आणि पुठ्ठा यांच्यामध्ये ठेवून गरम दाबयंत्रात दाबायचा. लाख वितळते आणि थंड होताना दोघांना धरून ठेवते. पाणीच नाही, म्हणून कागद फुगत नाही. कसरीला खायला पिठाची खळही उरत नाही. शिवाय मधल्या थरामुळे पुठ्ठ्यातलं आम्ल फोटोपर्यंत सहज पोचत नाही. तोवर अंड्याच्या थराची जागा जिलेटिनने घेतली होती. जिलेटिनचा थर कागदाच्या एकाच बाजूला, त्यामुळे कोरड्या हवेत तो आकसून कडा वर उचलायचा. त्यावर या गरम माउंटिंगचा चांगला उपाय झाला.

१९७०च्या आसपास कागदच बदलला. त्याच्या दोन्ही अंगांना प्लास्टिकचा पातळ थर आला. तो पाणी कमी प्यायचा, लवकर वाळायचा आणि बराच सपाट राहायचा. मग माउंटिंगची गरजच संपली असं वाटू लागलं. काळ्या पानांचे, कोपऱ्यांत फोटो अडकवायचे आल्बम मागे पडले. त्यांच्या जागी चिकट रेघांची पानं आणि वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेले आल्बम आले. ज्यांच्या घरी ऐंशीच्या दशकातल्या लग्नाचा असा आल्बम असेल त्यांनी तो उघडून पाहावा: पानावर पिवळ्या रेघा, आणि फोटो निघता निघत नाही.

आता डिजिटल प्रिंटकडे येऊ. या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात, आणि गोंधळ बहुतेक इथेच होतो. रत्नागिरी, कणकवली, मालवण, कुठल्याही लॅबमध्ये ४ बाय ६चा फोटो सांगितला, तर तो पुष्कळदा लेझरने रासायनिक कागदावर उमटवलेला असतो. म्हणजे तो जुन्या रंगीत फोटोचाच भाऊ. मोठा फोटो मात्र अनेकदा इंकजेटवर निघतो. इंकजेटने उत्तम दर्जाची प्रिंट काढण्याची सुरुवात कॅलिफोर्नियात नॅश एडिशन्स या प्रिंट स्टुडिओने १९९१ मध्ये केली. पण त्या काळची विरघळणाऱ्या रंगांची शाई उजेडात लवकर फिकी पडायची. २०००च्या सुमारास सूक्ष्म रंगकणांची शाई घरगुती फोटो-प्रिंटरमध्ये आली आणि टिकाऊपणा कितीतरी वाढला.

तरी कागदाचं काय? इंकजेट कागदावर शाई चटकन शोषणारा एक थर असतो. चकचकीत फोटोकागदात तो बहुधा अगदी बारीक खनिज कणांचा, स्पंजासारखा. स्पंज शाई पितो तसा हवेतला ओलावाही पितो आणि रंग उडवणाऱ्या ओझोन वायूलाही आत घेतो. लॅबच्या रासायनिक कागदावर जिलेटिन असतं. ते दमट हवेत मऊ होतं आणि काचेला टेकलेलं असेल तर चिकटतं. फोटो टिकण्यासाठी हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ३० ते ५० टक्के असावी असं मानतात. श्रावणातल्या आमच्या ओटीवर ती कित्येक दिवस ८५च्या वर असते. बुरशीला तर ७० टक्केही पुरतात.

या हवेवर बाजाराने दिलेलं उत्तर म्हणजे सनबोर्ड (फेसाळ प्लास्टिकची हलकी पाटी), एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) आणि लॅमिनेशन. फोटोच्या तोंडावर प्लास्टिक, पाठीला चिकट थर आणि बोर्ड. पहिल्या दिवशी तो आरशासारखा दिसतो. पण एमडीएफ कडांतून पाणी पितं आणि फुगतं, त्याबरोबर लॅमिनेशनची कड सुटते. सनबोर्ड पाणी पीत नाही, मात्र पातळ घेतला तर कौलाखालच्या उन्हाळ्यात तो वाकतो. आणि चिकटवलेला फोटो पुन्हा काढता येत नाही, हे तर आहेच. गरम दाबयंत्रही आता जपून वापरावं लागतं, कारण प्लास्टिकचा थर असलेला कागद शंभर अंशांच्या जवळ नेला की खराब होतो.

संग्रहालयांनी मात्र उलटी वाट धरली. तिथे फोटो चिकटवतच नाहीत. आम्लमुक्त माउंटबोर्डावर तो चार कागदी कोपऱ्यांत बसवतात, किंवा वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांची बिजागरी करून टांगतात. बिजागरीला गव्हाच्या शुद्ध स्टार्चची खळ, म्हणजे पुन्हा जुनीच वस्तू, फक्त नखाएवढी, आणि पाण्याने सुटणारी. वरून खिडकी कापलेला दुसरा बोर्ड, त्यामुळे काच फोटोला टेकत नाही. फोटोला थोडा बाक येतो. तो येऊ देतात.

घरासाठी मी मध्ये रेघ ओढतो. ज्या जुन्या फोटोची दुसरी प्रत नाही, तो कशालाही चिकटवू नये. त्याचं स्कॅन करून घ्यावं आणि मूळ फोटो कोपऱ्यांत बसवावा. ज्या प्रिंटची फाइल दोन-तीन ठिकाणी नीट ठेवलेली आहे, ती बोर्डावर चिकटवायला हरकत नाही. फक्त बोर्ड आम्लमुक्त आणि जाड असावा, आणि पुढे लॅमिनेशन केलं तर बोर्डाच्या पाठीलाही तसाच थर द्यायला सांगावा. फाइल हरवलेली असेल, तर ती प्रिंटही पणजोबांच्या फोटोइतकीच एकुलती एक.

दोन्ही बाबतींत काच आणि फोटो यांच्यात फट हवी, आणि तसबीर व जांभ्याची भिंत यांच्यातही. जुन्या घरांत तसबीर खालून खिळ्यांवर टेकवून वरून पुढे झुकवलेली असायची, त्यामुळे मागून वारा खेळायचा. सरळ टांगायची असेल, तर खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावावेत.

आईच्या फोटोची नवी प्रिंट मी भाद्रपदात लावली नाही. पावसात प्रिंट आणि बोर्ड दोघांनीही पाणी प्यालेलं असतं. तेव्हा फ्रेम बंद केली तर ते पाणी आत कोंडलं जातं. डिसेंबर-जानेवारीत दुपारची हवा त्यातल्या त्यात कोरडी असते. तेव्हा प्रिंट आणि बोर्ड दोन्ही एका खोलीत आठवडाभर उघडे ठेवले, आणि मग फ्रेम बंद केली.