‘रेव्ह अप’वरची सगळी गिटार जेफ बेकची नाही

यार्डबर्ड्स या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘हॅव्हिंग अ रेव्ह अप विथ द यार्डबर्ड्स’ या अल्बमवर गिटार जेफ बेकची, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. अर्धंच खरं आहे ते. एपिक कंपनीने नोव्हेंबर 1965 मध्ये अमेरिकेत काढलेलं हे संकलन आहे, आणि त्यात दोन वेगळे मुख्य गिटारवादक वाजतात.

पहिल्या बाजूची सहा स्टुडिओ गाणी बेकची. दुसऱ्या बाजूची चार लाइव्ह गाणी मात्र मार्च 1964 मध्ये लंडनच्या मार्की क्लबात रेकॉर्ड झालेली. तेव्हा बेक बँडमध्ये नव्हताच, गिटारवर होता एरिक क्लॅप्टन. ही चारही ‘फाइव्ह लाइव्ह यार्डबर्ड्स’ या ब्रिटिश अल्बममधून उचललेली. तो अमेरिकेत निघालाच नव्हता, म्हणून एपिकला जुना माल नव्या पाकिटात खपवता आला. क्लॅप्टन मार्च 1965 मध्येच बाहेर पडला होता, त्यामुळे कव्हरवरच्या बँडच्या फोटोत बेक. घोळ तिथूनच.

खात्री करायची तर ‘आय अ‍ॅम अ मॅन’ ऐका. ते दोन्ही बाजूंना आहे. स्टुडिओतलं जेमतेम अडीच मिनिटांचं, शेवटी बेक तारा दाबून नुसता खरखरीत ठेका वाजवतो. लाइव्ह साडेचार मिनिटांच्या आसपास.

आणि बँडचा नंतरचा गिटारवादक जिमी पेज? तो 1966 मध्ये आला. या तबकडीवर त्याचा एक सूरही नाही.

तेव्हा यार्डबर्ड्सचा नुसता ‘बेस्ट ऑफ’ संग्रह बघून वादक ठरवू नका, प्रत्येक गाण्याची रेकॉर्डिंगची तारीख बघा. मार्च 1965 आधीचं असेल तर बेक नाही.