आईच्या नैराश्याची दखल: उशिरा सुरू झालेली गोष्ट

बाळंतपणानंतर मन बिघडू शकते, हे डॉक्टरांना जुन्या काळापासून ठाऊक आहे. फ्रान्समधील लुई-व्हिक्टर मार्से यांनी १८५८ मध्ये गरोदर, बाळंत आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या मनोविकारांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. पण त्या काळच्या नोंदी मुख्यतः वेड्यांच्या इस्पितळांतल्या. जिचे वागणे उघड बिघडले, तिचीच दखल घेतली गेली. बाळाचे सगळे नीट करून दाराआड रडणारी आई कुठल्या वहीत आलीच नाही.

ती दिसू लागली १९६८ मध्ये. ब्राइस पिट यांनी लंडनमध्ये तीनशेहून अधिक बाळंतिणींची पाहणी केली, तेव्हा साधारण दहांतली एक नैराश्यात असल्याचे आढळले. त्याआधी, १९४८ मध्ये, तिथल्याच कॅसल रुग्णालयात टॉमस मेन यांनी आईसोबत तिच्या मुलालाही दाखल करून घेतले होते. उपचारासाठी मायलेकरांची ताटातूट करावी लागत नाही, हा विचार तिथून रुजला.

खरा फरक पडला तो १९८७ मध्ये. जॉन कॉक्स, जेनिफर होल्डन आणि रूथ सागोव्स्की यांनी बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी एडिंबरा प्रश्नावली तयार केली. गेल्या सात दिवसांबद्दल फक्त दहा प्रश्न. थकवा, भूक यांबद्दल त्यात विचारतच नाहीत, कारण तान्ह्या बाळाची कुठलीही आई थकलेलीच असते. विचारतात ते हसू येते का, उगाच स्वतःला दोष देता का, धास्ती वाटते का. मला ही त्यातली सर्वांत शहाणपणाची निवड वाटते. दोन वर्षांनी होल्डन यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: घरी येणाऱ्या आरोग्यसेविकेने आठ आठवडे आईचे म्हणणे नुसते नीट ऐकून घेतले, तर ६९ टक्के बायका सावरल्या, ज्यांना ही भेट मिळाली नाही, त्यांच्यात ३८ टक्के. पाहणी लहान होती, पण दिशा पक्की होती. २००८ मध्ये आतिफ रहमान यांनी पाकिस्तानच्या ग्रामीण भागात गावातल्याच आरोग्यसेविकांकडून, नुसते ऐकण्यापलीकडे, नकारात्मक विचार बदलायला मदत करणारे समुपदेशन करवून घेतले. सहा महिन्यांनी ही मदत मिळालेल्या आयांत नैराश्य २३ टक्के होते, बाकीच्यांत ५३ टक्के.

औषधे आहेतच, अमेरिकेत २०२३ मध्ये खास या आजारासाठी पहिली गोळीही मंजूर झाली. शिवाय यातून गेलेल्या आयांचे मदतगट आहेत, हेल्पलाइन आहेत. तरी बऱ्याच ठिकाणी प्रश्नावली भरून घेतात आणि कागद फाइलला लावतात. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दलचा आहे. त्याला ‘कधीच नाही’ सोडून दुसरे उत्तर आले, तर उत्तरांचे एकूण गुण (जास्त गुण म्हणजे नैराश्याची शक्यता जास्त) कितीही कमी असोत, त्याच दिवशी तिच्याशी बोलायला हवे.