फिटच्या गोळ्या आल्या कुठून?

आमच्या मावशीला फिट यायच्या तेव्हा घरात दोन गोष्टी कायम हाताशी असायच्या, नाकाशी धरायला फोडलेला कांदा आणि कपाटात गार्डिनलच्या गोळ्या. कांद्याने काही होत नाही हो, बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि नाव कांद्याचं होतं. खरं काम गोळीचं, पण तिची कथाही काही कमी नाही.

गोळीच्या आधी होतं ब्रोमाइड. १८५७ साली लंडनमध्ये डॉक्टरांच्या बैठकीत चार्ल्स लोकॉक उठले, हे म्हणजे व्हिक्टोरिया राणीची बाळंतपणं करणारे डॉक्टर, आणि म्हणाले की पाळीच्या सुमारास फिट येणाऱ्या बायकांना मी पोटॅशियम ब्रोमाइड देतो आणि गुण येतो. तर्क काय, तर ब्रोमाइडने कामवासना थंडावते आणि फिटचं मूळ तिथेच! तर्क साफ चुकला पण औषध चाललं, आणि पुढे पन्नासेक वर्षं तेवढंच होतं, अंगावर पुरळ आणि दिवसभर गुंगी सोसून लोक घेत होते.

मग १९१२, जर्मनीतलं फ्रायबर्ग. आल्फ्रेड हाउप्टमान नावाचा तरुण डॉक्टर वॉर्डच्या वरच राहायचा, रात्री पेशंटना फिट आली की याची झोपमोड, म्हणून सगळे शांत झोपावेत एवढ्यासाठी त्याने नवीन आलेलं झोपेचं औषध ल्युमिनल दिलं असं सांगतात. झोप लागलीच पण फिटही कमी झाल्या, दिवसाच्यासुद्धा. ल्युमिनल म्हणजे फेनोबार्बिटॉल, आणि मावशीचं गार्डिनल म्हणजे तेच. हाउप्टमान ज्यू होता, नाझींमुळे त्याला देश सोडावा लागला, अमेरिकेत वारला.

ठरवून शोध घेणारे म्हणजे बॉस्टनचे डॉक्टर पुटनम आणि मेरिट. मांजरांना विजेचा झटका द्यायचा, किती करंटला फिट येते ते मोजायचं, मग औषध देऊन परत मोजायचं. औषध कंपनीकडून आलेल्या पदार्थांत फेनिटॉइन होतं, १९०८ मध्ये बनलेलं आणि झोप आणत नाही म्हणून तीस वर्षं कुणी विचारलं नव्हतं, १९३८ मध्ये यांनी दाखवलं की फिट थांबवायला पेशंटला गुंगीत ठेवायची गरजच नाही. माझ्या मते सगळ्यात मोठी उडी हीच, भले त्या औषधाने हिरड्या सुजतात.

व्हॅलप्रोएट या फिटच्या आणखी एका औषधाची गंमत तर वेगळीच. १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये ग्रेनोबलला ते नुसतं द्रावक म्हणून वापरत होते, त्यात विरघळवलेला जो तो पदार्थ गुणकारी ठरायला लागला तेव्हा कुठे ट्यूब पेटली. १९६७ मध्ये बाजारात आलं. पोटातल्या बाळाला त्याचा धोका असतो हे नीट कळायला मात्र बराच काळ गेला.

आपल्याकडे गोळ्या होत्या तरी १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ मध्ये लग्नाला अडसर म्हणून वेडेपणाच्या शेजारी अपस्मार, म्हणजे हाच फिटचा आजार, घातला गेला, तो काढला १९९९ मध्ये. मावशीचं लग्न १९८४ चं. सासरी दोन वर्षं तिने गोळ्या साबुदाण्याच्या डब्यात ठेवल्या, उपासाशिवाय तो कुणी उघडत नसे.