नजर कुठं आणि लक्ष कुठं, हा घोळ आता मिटवा

वाचताना डोळे सरळ सरकत नाहीत, सेकंदाला तीन-चार उड्या मारतात, हे आता बऱ्याच जणांना माहीत असतंय, त्यामुळं त्यात शिरत नाही. घोळ पुढं होतोय. नजर जिथं तिथंच लक्ष, असं लोक धरून चालतात.

मी मंगळवार पेठेत पोरांचा चित्रकलेचा क्लास घेते आणि दर महिन्याला कुणाची तरी आई येऊन सांगती, "ह्याचं लक्षच नसतंय बघा मॅडम, कागद सोडून नुसता खिडकीतनं बाहेर बघत बसतोय." प्रत्येकीला तेच परत समजवायचं.

नजर म्हणजे बुबुळ कशावर रोखलंय ते, कॅमेऱ्यानं मोजता येतंय. लक्ष म्हणजे मेंदू कशावर काम करतोय ते, आणि ते बुबुळ न हलवता पण सरकतंय. दसरा चौकात गाडी चालवताना नजर समोर असती पण डावीकडनं घुसणाऱ्या रिक्षावर आपलं लक्ष असतंयच की! हेल्महोल्ट्झ ह्या जर्मन शास्त्रज्ञानं 19व्या शतकातच हे करून बघितलं होतं. अंधारात अक्षरांचा तक्ता, डोळे एका बिंदूवर खिळलेले, लक्ष आधीच दुसऱ्या कोपऱ्यात नेलेलं, मग क्षणभर ठिणगी पेटवायची, डोळा हलायला वेळच नाही, तरी त्याला त्या कोपऱ्यातली अक्षरं वाचता आली. उलटंही होतंय. 1999 च्या प्रयोगात व्हिडिओ बघत चेंडूचे पास मोजणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांना मधनं गेलेला गोरिलाच्या वेशातला माणूस दिसलाच नाही, आणि नंतर डोळे मोजून बघितले तर न दिसलेल्यांची नजरही त्याच्यावर पडून गेलेली.

सुचण्याचं पण तसंच. 2015 च्या एका अभ्यासात ज्यांना शब्दकोड्याचं उत्तर अचानक सुचलं ते सुचायच्या आधी जास्त पापण्या मिटत होते आणि कोड्यावरनं नजर काढत होते, पायरी-पायरीनं सोडवणाऱ्यांची नजर मात्र कोड्यावरच. बाहेरचं दिसणं कमी झालं की आतल्या कामाला जागा होती, असा त्याचा अर्थ लावतात. पण तेवढ्यावरनं मुद्दाम भिंतीकडं बघत बसलं की कल्पना येतील असं कृपा करून कुणी शिकवू नका, आणि डोळे वर उजवीकडं गेले म्हणजे खोटं बोलतोय हे तर बंदच करा, 2012 मध्ये तपासलं, काही निघालं नाही.

पोराची नजर नका मोजू, ती परत कागदावर आल्यावर पेन्सिल कुठं टेकती ते बघा. परवा एकाच्या हत्तीची सोंड कागदाबाहेर चालली होती, तो बराच वेळ खिडकीतनं बघत बसला आणि परत येऊन त्यानं ती सोंड वळवून पाठीवर नेली.