पन्नास शब्दांचं पुस्तक मुलांना वाचायला कसं शिकवतं?

दोन वर्षांच्या मुलासमोर इंग्रजी शब्दांची कार्डं भराभर फिरवायची आणि मूल 'वाचायला लागलं' म्हणून व्हिडिओ टाकायचा, हे सध्या जोरात चालू आहे. मूल वाचत नसतं, कार्ड ओळखत असतं. न पाहिलेला शब्द दाखवला की ते गप्प होतं. 'शब्दाचा आकार बघा आणि म्हणा' याच समजुतीवर एकेकाळी अमेरिकेतली वाचनपाठमाला चालत होती. १९५४ साली लेखक-पत्रकार जॉन हर्सी यांनी 'लाइफ' साप्ताहिकात त्या रटाळ पुस्तकांवर कडाडून टीका केली. त्या वादातून बाललेखक डॉ. स्यूस, म्हणजे थिओडोर गायझेल, यांचं 'द कॅट इन द हॅट' १९५७ मध्ये आलं. त्यात वेगवेगळे शब्द फक्त २३६. मग प्रकाशक बेनेट सर्फ यांनी ५० डॉलरची पैज लावली की पन्नासच शब्दांत पुस्तक लिहून दाखव. ते पुस्तक म्हणजे १९६० चं 'ग्रीन एग्ज अँड हॅम'.

गोष्ट एवढीशी. सॅम नावाचा एक चिवट प्राणी दुसऱ्याला हिरवी अंडी खायला लावू पाहतो आणि तो पानोपानी नकार देतो. घरात नको, खोक्यात नको, कोल्ह्याबरोबर नको, पावसात नको. पन्नासपैकी एकोणपन्नास शब्द एकाच झटक्यात उच्चारता येणारे, 'एनीव्हेअर' हा एकटा लांब. एवढ्या थोड्या सामग्रीवर हे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या टिकलं, याचं श्रेय मी यमकाला देतो. का, ते कळायला आधी वाचताना मेंदूत काय होतं ते बघू.

लिपीचा शोध जेमतेम पाच हजार वर्षांपूर्वीचा. वाचनासाठी मेंदूत वेगळी जागा उत्क्रांत व्हायला तेवढा काळ पुरत नाही. स्तानिस्लास देहान आणि लोराँ कोएन या मेंदू-अभ्यासकांच्या संशोधनातून दिसतं की वाचायला शिकताना डाव्या मेंदूच्या मागच्या-खालच्या बाजूचा, मुळात वस्तू आणि चेहरे ओळखणारा एक भाग अक्षरांच्या कामाला लागतो आणि उच्चार सांभाळणाऱ्या भागांशी जोडला जातो. शब्द डोक्यात बसतो तो त्याची अक्षरं त्याच्या ध्वनींना चिकटतात तेव्हा, असं वाचनाच्या अभ्यासक लिनिया एरी यांचं प्रतिपादन आहे. दोन-चारदा नीट फोड करून वाचलेला शब्द पुढे नजरेसरशी ओळखू येतो.

अडचण अशी की लहान मुलाला 'हाऊस' हा एकसंध आवाज वाटतो. तो फोडता येतो हे त्याला माहीतच नसतं. शेजारी 'माऊस' आला की फोड आपोआप होते, कारण सुरुवातीचा ध्वनी बदलला आणि उरलेला तसाच राहिला. आता पानाकडे बघा. ओ-यू-एस-ई ही चार अक्षरं दोन्हीकडे तीच, फक्त पहिलं अक्षर वेगळं. कानाला जे सारखं, तेच डोळ्याला सारखं. शिवाय ओळीच्या शेवटी कोणता आवाज येणार याचा अंदाज मुलाला आधीच असतो, त्यामुळे नजर तिथे पोचते तेव्हा ध्वनी तयार असतो आणि अक्षरं त्याला जाऊन चिकटतात. बॉक्स-फॉक्स, बोट-गोट, रेन-ट्रेन, सगळीकडे हेच. पण 'हिअर' आणि 'देअर' यांची शेवटची तीन अक्षरं तीच असूनही उच्चार वेगळे! इंग्रजी स्पेलिंगवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, हेही मूल इथेच शिकतं.

ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी १९८३ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात दाखवलं की सारख्या ध्वनींचे शब्द ओळखण्याचा सराव केलेल्या मुलांना वाचनात फायदा होतो, आणि त्याबरोबर प्लास्टिकची अक्षरं हाताळलेली मुलं सर्वांत पुढे जातात. नुसतं गाणं पुरत नाही, अक्षरं समोर लागतात.

डॉ. स्यूस यांचं 'द कॅट इन द हॅट' १९८६ च्या एका प्रसिद्ध प्रयोगातही आहे. डीकॅस्पर आणि स्पेन्स यांनी गरोदर स्त्रियांना शेवटचे सहा आठवडे ठरावीक उतारा मोठ्यानं वाचायला सांगितला. जन्मानंतर बाळांनी तो उतारा ओळखल्याचं त्यांच्या चोखण्याच्या लयीवरून दिसलं. गर्भसंस्काराच्या वर्गांना मात्र यात आधार सापडणार नाही. बाळ ओळखतं ती बोलण्याची लय आणि नाद. अर्थ, ज्ञान, संस्कार यांतलं काहीही त्या प्रयोगात मोजलेलं नाही. हुशार मूल घडवून देण्याच्या नावाखाली घाबरलेल्या आईबापांकडून पैसे काढणं थांबलं पाहिजे.

मराठीत कोडं वेगळं आहे. 'गाडी' या शब्दाचे गा आणि डी हे तुकडे लिपीच पाडून देते. पण स्वरचिन्हं आणि जोडाक्षरं धरली तर शिकायच्या आकृत्या शेकड्यांत जातात. सोनाली नाग यांच्या कन्नडवरच्या अभ्यासात अक्षरांवर पूर्ण हुकमत यायला काही इयत्ता जातात असं दिसलं, आणि आपल्या लिपीची घडणही तशीच आहे. बाराखडीत व्यंजन स्थिर राहतं आणि स्वर फिरतो. गाडी-माडी-झाडी-साडी या यमकात नेमकं उलट होतं, स्वर जागेवर राहतो आणि व्यंजन बदलतं. त्यातही पहिली वेलांटी अवघड, कारण ती बोलायची व्यंजनानंतर आणि लिहायची आधी. विळा, खिळा, टिळा, शिळा हे शब्द एकाखाली एक छापले, प्रत्येकाशेजारी खट्याळ चित्र असलं आणि गोष्टीत तेच शब्द पुन्हापुन्हा आले, तर वेलांटीची जागा मुलाला वेगळी सांगावी लागणार नाही. एकही जोडाक्षर नसलेलं असं मराठी चित्रपुस्तक पहिलीच्या प्रत्येक वर्गात असावं, अशी माझी फार इच्छा आहे.