आग नाळेला, वारा समोरून

फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत तुळाजी आंग्र्यांचं आरमार काही तासांत जळून खाक झालं. ब्रिटिश अ‍ॅडमिरल वॉटसनच्या ताफ्यातून आलेला एक गोळा 'रिस्टोरेशन' या जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनी काही वर्षांपूर्वी ईस्ट इंडिया कंपनीकडूनच हिसकावलेलं. आरमारातली गुराबं आणि गलबतं किल्ल्याच्या आसऱ्याला एकमेकांना बांधून उभी होती. एकाने पेट घेतला आणि बाकीची त्यामागोमाग गेली. या मोहिमेला पेशव्यांची साथ होती, त्यावरून आपल्याकडे वाद होतात आणि होत राहतील. आगीपुरतं बोलायचं तर आरमाराचा घात त्या बांधाबांधीने केला, असं माझं मत.

शिडाच्या जहाजावर जळणार नाही असं फार थोडं असायचं. अंग लाकडाचं, फळ्यांच्या सांध्यांत डांबर लावून ठासलेला ताग, दोरखंड डांबरात मुरलेले, वर वाळलेलं कापड. समुद्र चहूबाजूंनी असला तरी पाणी वर घ्यायचं ते बादलीने नाहीतर हातपंपाने. पोटातल्या मालाला आग लागली की खरी पंचाईत. ती दिसत नाही, आणि पाहायला झाकण उघडलं की आत हवा जाते. म्हणून जुने कप्तान झाकणं गच्च बंद करायचे, फटी बुजवायचे, वर ओली शिडं टाकायचे आणि जवळचं बंदर गाठायला बघायचे. कोळसा आणि ओला कापूस तर ठिणगीशिवायही आतल्या आत तापून पेटतात. कोळशाच्या जहाजांना इतक्या आगी लागल्या, की 1870 च्या दशकात ब्रिटनने त्यासाठी शाही आयोग नेमला.

युद्धनौकांवर आगीची धास्ती जास्त, कारण दारूकोठार, म्हणजे बंदुकीच्या दारूचा साठा, बुडाशीच. तिथे दिवा न्यायचाच नाही. शेजारच्या वेगळ्या खोलीत कंदील ठेवायचा आणि मधल्या जाड काचेतून येईल तेवढ्या उजेडात काम उरकायचं. दारात लोकरीचे जाड पडदे, लढाईच्या वेळी पाण्याने भिजवलेले. पायांत खिळ्यांचे बूट चालत नसत. इतकं असूनही मार्च 1800 मध्ये इटलीतल्या लिव्होर्नोजवळ 'क्वीन शार्लट' ही ब्रिटिश युद्धनौका जळाली आणि 673 माणसं गेली. कारण काय, तर इशाऱ्याच्या तोफांसाठी पेटती वात ठेवलेल्या पिंपाजवळ गवत रचलं होतं.

1 मार्च 1825 ला बिस्केच्या उपसागरात 'केंट' जळालं, तेही एका कंदिलापायी. बंगाल आणि चीनकडे निघालेलं हे कंपनीचं जहाज, सव्वासहाशेहून जास्त माणसं, त्यात पलटणीचे शिपाई आणि त्यांची बायकामुलं. वादळात माल सुटला की काय, हे बघायला एक अधिकारी कंदील घेऊन पोटात उतरला. पिण्याच्या दारूचं एक पिंप डळमळत होतं. त्याने ते धरून ठेवलं आणि खलाशांना टेकणासाठी लाकडं आणायला पिटाळलं. तेवढ्यात जहाज कललं, कंदील हातातून निसटला. तो उचलायच्या नादात पिंपावरची पकड सुटली, पिंप फुटलं आणि दारू जाऊन दिव्याला मिळाली. कप्तान कॉब यांनी खालची दारं उघडून समुद्र आत घेतला. जहाज बुडायला टेकलं, पण आग मंदावली. तेवढ्या अवधीत 'कॅम्ब्रिया' नावाच्या छोट्या जहाजाने साडेपाचशेच्या आसपास लोक उचलले. मध्यरात्र उलटल्यावर आग दारूकोठाराला पोचली आणि 'केंट'चा स्फोट झाला. माझ्या वाचनातलं सर्वांत हिमतीचं अग्निशमन हेच.

साग सहजी पेटत नाही, असा आपल्याकडे विश्वास. मुंबईच्या गोदीत वाडियांच्या देखरेखीखाली सागात बांधलेली 84 तोफांची 'बॉम्बे' डिसेंबर 1864 मध्ये माँटेव्हिडिओजवळ आगीत गेली, नव्वदहून जास्त माणसांसह. 'कॉस्पॅट्रिक' हेही सागाचंच, 1856 मध्ये ब्रह्मदेशातल्या मौलमीनला बांधलेलं.

'कॉस्पॅट्रिक'ची गोष्ट भयंकर आहे. लंडनहून ऑकलंडला निघालेली वसाहतकरी कुटुंबं आणि खलाशी मिळून 470 च्या आसपास माणसं होती. 17 नोव्हेंबर 1874 च्या मध्यरात्री, केप ऑफ गुड होपच्या नैर्ऋत्येला, नाळेकडच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडच्या, बोसनच्या कोठडीत आग लागली. बोसन म्हणजे आपला सारंग. त्याच्या कोठडीत दोरखंड, रंग, तेल, ताग, म्हणजे जहाजावरचा सगळा ज्वालाग्राही ऐवज. कुणीतरी चोरून माल काढायला उघडा दिवा घेऊन आत शिरलं असावं, असा चौकशीत निष्कर्ष निघाला.

अशा वेळी पहिलं काम पंपाचं नाही, सुकाणूचं. आग नाळेला असेल तर जहाजाने वाऱ्याला पाठ द्यायची, म्हणजे धूर आणि ज्वाळा पुढे समुद्रावर जातात आणि मागच्या माणसांना विझवायला जागा मिळते. 'कॉस्पॅट्रिक'चं तोंड मात्र वाऱ्याकडे वळलं. धूर सगळ्या डेकवर मागे पसरला, पंपावरची माणसं हटली आणि थोड्याच वेळात विझवण्याची वेळ निघून गेली. बोटींत अर्ध्या लोकांनाही जागा नव्हती. एक बोट गर्दीने उलटली, दोन सुटल्या, त्यांतली एकच नऊ-दहा दिवसांनी सापडली. अखेर वाचले तिघे. बोटींचा हिशेब माणसांवर न धरता जहाजाच्या टनेजवर, म्हणजे आकारमानावर, धरायची पद्धत त्यानंतरही चालूच राहिली. ती मोडायला 1912 सालची 'टायटॅनिक' बुडावी लागली.

आजच्या शिडाच्या बोटीवर डांबर नाही, बंदुकीची दारू नाही. अंग फायबरग्लासचं, आणि तेही पेटलं की काळाकुट्ट विषारी धूर सोडतं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. तो गळला की बुडाशी साचतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. पेट्रोलच्या वाफेचंही तेच. त्यामुळे सिलेंडर वेगळ्या बंद कप्प्यात ठेवतात आणि त्या कप्प्याच्या तळाचं भोक थेट बोटीबाहेर काढतात. अग्निशामक नळकांडं शेगडीच्या डोक्यावर टांगलं तर ज्वाळेतून हात घालावा लागतो, म्हणून ते बाहेर पडायच्या दाराजवळ हवं. सुकाणूचा नियम तर तसाच्या तसा आहे: आग पुढे असेल तर वाऱ्याला पाठ, मागे असेल तर वाऱ्याला तोंड.