कुपीतला जिवाणू आणि त्याचे बदलते कुळ

बडोद्यात दांडिया बाजार असो की रावपुरा, जुलाबावर डॉक्टरांनी लिहून दिलेली एक इवलीशी प्लास्टिकची कुपी कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते. तिच्यात 5 मिलिलिटर द्रव आणि जिवाणूचे 2 अब्ज बीजाणू, म्हणजे तग धरून राहणारी सुप्त रूपे, असतात. लेबलावर बहुधा बॅसिलस क्लॉसिआय असे छापलेले असते. वर्गीकरणाच्या दप्तरी मात्र हा जिवाणू 2020 पासून दोन घरे बदलून बसला आहे. दुसरा बदल लोणारच्या सरोवरामुळे झाला, म्हणून मराठी वाचकांना तो सविस्तर सांगायला हवा.

हा जिवाणू अल्कप्रेमी म्हणून ओळखला जातो. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, 7 असला तर ते उदासीन. त्यापुढे ते अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे; एकेक अंक चढला की हायड्रोजनचे आयन दहापटीने कमी होतात. मिठापूरला तयार होणारा सोडा ॲश पाण्यात विरघळवला तर सामू 11 च्या घरात जातो. अशा पाण्यात बहुतेक जिवाणू तग धरत नाहीत. अल्कप्रेमी मात्र 9 च्या वर फोफावतात, काही तर 10 च्याही वर.

ते अल्क पोटात घेत नाहीत, हे त्यांचे खरे कौशल्य. बाहेर सामू 10.5 असतानाही पेशीच्या आत तो 8.3 च्या आसपास राखलेला आढळतो. आत-बाहेर शंभरपटीहून अधिक फरक. पेशीच्या पटलातील प्रथिने सोडियमचे आयन बाहेर ढकलतात आणि त्या बदल्यात हायड्रोजनचे आयन आत ओढून घेतात. पेशीभित्तीवर आम्लधर्मी बहुवारिकांचा, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचा, थर असतो, तोही अल्काला अडवतो. पोहण्याची शेपटी साधारण जिवाणूंत हायड्रोजनच्या आयनांवर फिरते, यांच्यात ती सोडियमवर फिरते. सोडियम नसेल तर सारा कारभारच ठप्प होतो.

आता यांची वर्गवारी कशी करायची? एक रीत सवयीची. उदासीन पाण्यात ज्यांना वाढताच येत नाही ते अनिवार्य अल्कप्रेमी. दोन्हीकडे निभावतात ते वैकल्पिक. आणि ज्यांना 7 च्या आसपासच बरे वाटते, पण 9 सोसता येतो, ते केवळ अल्कसहिष्णू. अल्काबरोबर भरपूर मीठही लागणारे आणखी वेगळे. प्रयोगशाळेत ही रीत फार उपयोगी पडते, पण तिच्यावरून नाते कळत नाही. एका वाड्यात राहणारी बिऱ्हाडे एका कुळाची असतातच असे नाही. स्पिरुलिना हा नील-हरित जिवाणू अल्कप्रेमी, गंधकावर जगणारा थायोअल्कलीव्हिब्रिओ अल्कप्रेमी, आणि इजिप्तच्या वादी नत्रूनमधला नॅट्रोनोमोनस तर जिवाणूच नाही, तो आर्किया, म्हणजे जिवाणूंहून वेगळ्या शाखेचा एकपेशीय जीव. अल्कात राहण्याची युक्ती जीवसृष्टीच्या अनेक फांद्यांवर स्वतंत्रपणे उगवली.

बॅसिलस या प्रजातीत, म्हणजे अनेक जातींच्या एका गटात, तर फारच गर्दी झाली होती. बॅसिलस अल्कॅलोफिलस या जातीचे वर्णन 1934 मध्येच झाले होते, पण या विषयाला खरी गती दिली ती जपानच्या कोकी होरिकोशी यांनी, 1968 नंतर. जिवाणू वाढवायच्या माध्यमात सोडियम कार्बोनेट, म्हणजे सोडा ॲश, घालून त्यांनी साध्या मातीचे नमुने वाढवले आणि त्यातून अल्कप्रेमी जिवाणू भराभर निघाले. सोडा सरोवरेच धुंडाळायला हवीत असे नव्हते. घरामागच्या बागेतही ते होते. मला या शोधातली हीच गोष्ट सर्वांत थक्क करणारी वाटते. या जिवाणूंच्या विकरांना, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांना, धुलाईच्या पावडरीत काम मिळाले, कारण साबणाचे पाणी अल्कधर्मीच असते. कुपीतल्या जातीच्या काही वाणांचे (उपप्रकारांचे) प्रथिने तोडणारे विकरही याच कामाला आले.

1995 मध्ये अशा अल्कप्रेमी वाणांची गुणवैशिष्ट्ये ताडून बॅसिलसच्या नऊ नव्या जाती मांडल्या गेल्या. क्लॉसिआय त्यांतलीच एक, होरिकोशींच्या नावाची हॉरिकोशिआय दुसरी. काड्यांचा आकार आणि बीजाणू करण्याची क्षमता एवढ्या साम्यावर बॅसिलसमध्ये शेकडो जाती येऊन पडल्या होत्या. संपूर्ण जनुकसंच वाचता येऊ लागल्यावर त्यांतल्या कित्येकांचे एकमेकांशी जवळचे नाते नाही हे उघड झाले. 2020 मध्ये कॅनडातील संशोधकांनी बॅसिलसमधून सहा नव्या प्रजाती वेगळ्या काढल्या. क्लॉसिआय अल्कलीहॅलोबॅसिलस या प्रजातीत गेला.

तेही घर फार दिवस टिकले नाही. पुण्यातील संशोधकांना बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या अल्कधर्मी, खारट पाण्याच्या सरोवरातून एक प्रतिजैविक तयार करणारा जिवाणू मिळाला. त्याची जागा ठरवण्यासाठी त्यांनी नातलगांचे जनुकसंच ताडले, तेव्हा अल्कलीहॅलोबॅसिलसही एकसंध नाही असे दिसले. 2021 च्या त्यांच्या शोधनिबंधात लोणारचा जिवाणू अल्कलीहॅलोबॅक्टेरिअम इलाँगॅटम झाला, जुन्या प्रजातीतून सात नव्या प्रजाती निघाल्या, आणि कुपीतला जिवाणू शौचेला क्लॉसिआय ठरला. ही प्रजाती पुण्याचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ योगेश शौचे यांच्या गौरवार्थ आहे. 1934 चा अल्कॅलोफिलस मात्र अल्कलीहॅलोबॅसिलसची आदर्श जाती, म्हणजे प्रजातीचे नाव जिच्याशी बांधलेले असते ती, असल्याने तिथेच राहिला.

औषधाच्या गुणात यामुळे काही फरक पडत नाही. पण सयाजीराव विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या आमच्या मुलांनी या जिवाणूवरचे काम शोधताना तिन्ही नावे टाकून पाहावीत. 2020 पूर्वीचे जवळजवळ सारे संशोधन पहिल्या नावाखालीच सापडेल.